खुर्ची आधी आलेल्याची

राजेहो, एकाच स्विचवर तुमचे दहा राऊटर लटकलेत आणि ओएसपीएफ (राऊटरांनी एकमेकांना रस्ते सांगायचा प्रोटोकॉल) चालू आहे, तर डीआर (डेझिग्नेटेड राऊटर, म्हणजे सगळ्यांच्या बातम्या घेऊन वाटणारा अध्यक्ष) कोण होणार याची अजिबात काळजी करू नका. जोडी-जोडीने गप्पा मारल्या तर 45 नाती सांभाळावी लागतात. डीआर आणि बीडीआर (बॅकअप डीआर, म्हणजे उपाध्यक्ष) निवडले की 17 वर भागतं. एवढ्या सोयीसाठी डोकं कशाला शिणवायचं?

प्रायॉरिटी (निवडणुकीतलं वजन) सगळ्यांची 1 राहू द्या. एकाची वाढवली तर बाकीच्यांना वाईट वाटेल. बरोबरी झाली की मोठा राऊटर आयडी (राऊटरचा ओळख क्रमांक) जिंकतो, आणि तो हाताने दिला नसेल तर सिस्कोचा राऊटर लूपबॅकचा (स्वतःच्या आतल्या आभासी पोर्टचा) सर्वांत मोठा पत्ता उचलतो. तेव्हा कपाटामागे घरघरणाऱ्या जुन्या डब्याला सर्वांत मोठा लूपबॅक द्या. वयाचा मान!

उरलेलं काम नागपूरचा मे महिना करतो. भर दुपारी लाइन जाते, यूपीएस मान टाकतो. लाइन आली की डबा आधी उठतो, 40 सेकंद वाट बघतो (तेवढी सभ्यता प्रोटोकॉलमध्ये आहे), आणि कोणी दिसलं नाही की खुर्चीत बसतो. दुसरा आलेला टुकार राऊटर बीडीआर. तुमचा नवा महागडा राऊटर तोवर बूटच होत असतो.

आता त्याची प्रायॉरिटी खुशाल 255 करा. काही होत नाही. बसलेल्याला उठवायचं नाही, हा इथला नियम. नुसत्या लायकीवर खुर्ची मिळायला हे काय आयएस-आयएस (ओएसपीएफचा भाऊबंद प्रोटोकॉल) आहे? वैतागून डबा बंद केलात तर बीडीआर वर सरकतो आणि तुमचा 255 वाला होतो उपाध्यक्ष. तो वर सरकलेलाही पडेपर्यंत सीताबर्डीवर तर्रीपोहे खाऊन या.

साहेब विचारतील, "काहून बे, एवढे पैसे टाकले त्या राऊटरवर, अन् डीआर अजून तो डबाच?" सांगा, "साहेब, डेटा काही डीआरमधून जात नाही, फक्त बातम्या त्याच्या हातून जातात." हे खरंच आहे, त्यामुळे पचतं.

फारच भांडण झालं तर सगळ्यांची प्रायॉरिटी 0 करून टाका. मग कोणी उमेदवारच नाही. दर 10 सेकंदांनी सगळे एकमेकांना नमस्कार करतात, यादीत सगळे शेजारी टू-वे (म्हणजे नुसती ओळख झालेले) दिसतात, आणि रूट कोणीच कोणाला सांगत नाही. आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा वर्षानुवर्षं अशीच सुरळीत चालू आहे.