साधा, सोपा, घरगुती प्रयोग

‘साधा’, ‘सोपा’ आणि ‘घरगुती’ हे तीन शब्द शाळेच्या निरोपात एकत्र आले, की घरातल्या एका तरी मोठ्या माणसानं दुसऱ्या दिवशीची रजा टाकावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘बियांचे भाग ओळखा’ हा त्यातला दिसायला सर्वांत निरुपद्रवी प्रयोग. साहित्य काय, तर बी, पाणी, वाटी. यात बिघडण्यासारखं काय आहे? पहिली बिघडते ती वेळ. घेवडा किंवा हरभरा नीट भिजायला आठ ते बारा तास लागतात, आणि ‘उद्या येताना भिजवलेली बी आणावी’ हा निरोप पालकांच्या गटावर रात्री साडेदहाला येतो. तोही कुणाच्या तरी हरवलेल्या रेनकोटाच्या फोटोखाली. सकाळी सातच्या व्हॅनपर्यंत घेवडा अर्धवटच भिजलेला असतो. साल सुटत नाही, दाणा फुटत नाही, पोरगं मात्र फुटायच्या बेतात येतं.

निरोपात बी कुठली हे सहसा नसतं. मग डब्यांची झडती सुरू होते. तूरडाळ हाताला पहिली लागते, आणि अर्धं काम गिरणीनं आधीच करून दिलंय, साल काढलेली आणि दोन फाकीही तयार, या आनंदात ती वाटीत पडते. पण बघायचं असतं ते नेमकं तिच्यात नसतं. डाळ भरडताना दोन दळांच्या, म्हणजे पुस्तकातल्या बीजपत्रांच्या, मधला इवलासा गर्भ बहुतेक वेळा तुटून चुनीत जातो. उरतो तो नुसता शिधा. जेवणारा गेलेला असतो. फुटाण्यांचंही तेच, भाजताना गर्भ मरतो. गंमत अशी, की मेलेला दाणाही पाण्यात मस्त फुगतो. फुगणं हे नुसतं पाणी शोषणं आहे, त्याला जीव लागत नाही. जीव लागतो तो मोड यायला. म्हणून एका वाटीत हरभरे आणि दुसऱ्या वाटीत फुटाणे भिजवून ठेवावेत. दोन्ही फुगतात, मोड एकालाच येतात. आख्ख्या प्रयोगातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत शहाणी गोष्ट हीच, आणि नेमकी हीच कुणी सांगत नाही.

मूग-मटकीला मोड झटपट येतात. पण दाणा एवढा बारीक, की त्यातला गर्भ बघायला भिंग लागतं, आणि भिंग घरातल्या ज्या खणात असतं त्याची किल्ली कुणाकडे नसते. शिवाय मटकीत कुचर दाणे निघतात. रात्रभर पाण्यात राहूनही ते खड्यासारखे टणक. ते मेलेले नसतात, त्यांचं कवचच पाणी आत घेत नाही. अशा दाण्याची डोळ्याच्या विरुद्ध बाजू सँडपेपरवर हलकी घासली, की त्याच संध्याकाळी तो मुकाट फुगायला लागतो. माणसातल्या कुचरांवर हा उपाय चालत नाही.

माझं मत विचाराल तर सातारा जिल्ह्यात राहून या प्रयोगाला दुसरी बी शोधणं म्हणजे करंटेपणा. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा घ्यावा. भौगोलिक मानांकन मिळालेलं कडधान्य आहे, अंगावर पट्टे आहेत, दाणा बोटाच्या चिमटीत धरता येईल एवढा आहे, आणि त्याचे भाग भिंगाशिवाय दिसतात. अडचण एकच : त्या डब्याची मालकी आज्जीकडे असते.

“आरं, किती घेतलास? त्याचं कालवण करायचं हाय.”

“आज्जी, प्रयोग आहे. दहाच पाहिजेत.”

“दहा दाण्यात काय दिसतंय? मोड आणायचं आम्हाला शिकवा आता.”

आज्जीचा हा टोमणा विज्ञानाच्या दृष्टीनं बिनतोड असतो. भिजवून, निथळून, ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवणं यात पाणी, हवा आणि ऊब या तिन्ही अटी येतात. पुस्तक त्यासाठी दीड पान घेतं. तरीही दहा दाणे मागून घ्यावेत, कारण चार बिघडतात, दोन हरवतात आणि एक कुणीतरी तोंडात टाकतो. हे शेवटचं मात्र होऊ देऊ नका. कच्च्या घेवड्यात पोट बिघडवणारं विषारी द्रव्य असतं. खळखळून नीट शिजवल्यावरच ते जातं.

दाणे निवडताना भोकाचे बाजूला काढा. कारण पुढं ‘बीजरंध्र दाखवा’ असं म्हटलं, की मुलं हमखास भुंग्यानं पाडलेलं भोक दाखवतात. ते चांगलं गोल, स्वच्छ, ठळक असतं. पुस्तकातल्या आकृतीत शोभेल असं. खरं बीजरंध्र सुईच्या टोकाएवढं, आणि ते शोधायची युक्ती आहे. दाण्याच्या आतल्या वळणावर जो पांढरट लांबट डाग दिसतो ती नाभी. शेंगेत दाणा जिथं चिकटलेला असतो त्याची खूण. बीजरंध्र तिच्या एका टोकाला. भिजलेला दाणा कोरडा पुसून दोन बोटांत हलकेच दाबला, की तिथून पाण्याचा बारीक थेंब वर येतो. हलकेच हा शब्द मुलांच्या शब्दकोशात नसल्यामुळे पहिले दोन दाणे सालीतून सटकून थेट फ्रीजखाली जातात. त्यांना नंतर मोड आलेले सापडले, तर वहीत ‘अंधारातही बी रुजते’ असं निरीक्षण लिहायला हरकत नाही. ते खरंच आहे. दाणा रुजायला उजेडाची गरज नसते.

भिजवताना पाणी दाण्यांच्या तिप्पट, साधं, नळाचं. लवकर भिजावं म्हणून गरम पाणी ओतलं की गर्भ उकडतो. पहिल्या तासाभरात दाण्याला सुरकुत्या पडतात आणि घरात ‘खराब झाला’ अशी आरोळी उठते. खराब काही झालेलं नसतं. साल आधी पाणी पिऊन पसरते, आतली दळं मागून फुगतात. थोडा धीर धरला की सुरकुत्या आपोआप जातात. भिजून दाण्याचं वजन जवळपास दुप्पट होतं. याच्या उलट चूक म्हणजे शनिवारी भिजवून सोमवारी आठवणं. पाण्यात बुडालेल्या दाण्याला हवा मिळत नाही, मग फेस येतो, वास येतो, आणि घरातले लोक गॅसचा पाइप तपासायला लागतात. बारा तास झाले की निथळायचं. संपलं.

आता शल्यक्रिया. नाभीच्या विरुद्ध बाजूनं, म्हणजे पाठीकडून, नखानं साल उचकटायची. नाभीकडून सुरुवात केली तर आतलं टोक मोडतं, कारण बीजरंध्राच्या मागेच मूलांकुराचं, म्हणजे पुढं मूळ होणाऱ्या भागाचं, टोक दडलेलं असतं. साल निघाली की ते टोक दळांच्या कडेला वाकडं पडलेलं दिसतं. मग दोन दळं पाठीकडूनच अलगद उघडायची. पुस्तकात गर्भ दोन्ही दळांच्या बरोबर मधोमध, सममितीत, हात जोडून उभा असतो. प्रत्यक्षात तो एकाच दळाला चिकटून राहतो आणि दुसरं दळ रिकामं निघतं. ‘आमच्यातल्या अर्ध्या घेवड्यात भाग नाहीत’ अशी तक्रार तिथूनच येते. चिकटलेल्या बाजूला नीट बघितलं, तर मूलांकुराच्या वर दोन चिमुकली, घडी घातलेली पानं दिसतात, शिरांसकट. तो अंकुर. एवढ्याशा दाण्यात पुढच्या वेलाची पानं आधीच शिवून तयार आहेत हे पहिल्यांदा दिसतं, तेव्हा दहावीचा निबर पोरगाही मोबाइल खाली ठेवतो.

रात्री साडेदहाच्या निरोपावर उपाय मात्र शेंगदाणा. कच्चा हवा, खारा नको. भिजवायचीही फारशी गरज नाही, दोन-तीन तास पुष्कळ. चोळून साल काढली, दोन फाकी केल्या, की टोकाशी ते सगळ्यांच्या ओळखीचं नाक दिसतं. कुटासाठी दाणे सोलणाऱ्या बाईनं ते आयुष्यभर पाखडून टाकलेलं असतं. गर्भ म्हणतात तो तोच.

पुढचा भाग आयोडीनचा, आणि खरा धोका इथं आहे. जखमेवर लावायचं तपकिरी औषध, पोव्हिडोन आयोडीन, मेडिकलमध्ये मिळतं. एक भाग औषध, दहा भाग पाणी, फिक्या चहाच्या रंगाचं झालं की बस. घेवड्याचं दळ आडवं कापून त्यावर दोन थेंब टाकले, की मिनिटाभरात ते निळं-काळं पडतं. ते पिष्ट. शेंगदाण्यावर एवढा रंग चढत नाही, कारण त्यानं शिधा मुख्यतः तेलाच्या रूपात साठवलेला असतो. तो कागदावर चिरडून कागद उजेडासमोर धरावा. पाण्याचा डाग वाळून जातो, तेलाचा राहतो. आता धोका : गणवेशाला खळ घातलेली असेल, तर ती खळही पिष्टच. शर्टावर पडलेला थेंब तपकिरी राहत नाही, शाईसारखा काळा होतो आणि प्रयोग अपेक्षेपेक्षा जास्त यशस्वी ठरतो. क जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवून त्या डागावर टाकली, की रंग उडतो. हेही वहीत लिहावं. डाग पाडण्याचं श्रेय मिळतंच, घालवण्याचंही मिळू दे.

बाईंनी ‘एकदल बीही आणा’ असं म्हटलं असेल तर मका. तो चोवीस तास भिजवायचा. वेण्णा लेकच्या काठावर खाल्लेल्या कणसातले दाणे खिशात घालून आणलेले असतात, ते चालत नाहीत. भाजलेला मका गेलेला असतो. फ्रीजरमधले गोड दाणेही कामाचे नाहीत. जून, वाळलेला दाणा घ्या, रंगवलेला मात्र नको. कृषी सेवा केंद्रातल्या बियाण्यावरचा गुलाबी-लाल रंग ही विषारी औषधाची खूण असते, ती मुलांच्या हातात द्यायची वस्तू नाही. मक्याची दोन दळं होत नाहीत, म्हणून तो नखानं उघडत बसू नये. दाण्याच्या पसरट अंगावर जो फिका लांबट ठसा दिसतो, त्याच्या मधोमध उभा काप घ्यायचा. हा काप मोठ्यांनी घ्यावा, कारण ओला मका सुरीखालून सटकतो. आयोडीन टाकलं की मोठा भाग काळा पडतो, तो भ्रूणपोष, म्हणजे गर्भाचा शिधा. एका बाजूला फिका राहतो तो गर्भ, आणि त्याचं एकुलतं एक बीजपत्र ढालीसारखं भ्रूणपोषाला टेकलेलं असतं. घेवड्यात हा भ्रूणपोष शोधू नका. दाणा तयार होतानाच दळांनी तो खाऊन टाकलेला असतो.

इथं एखादं चौकस पोरगं विचारतं, की मक्याचा दाणा ही बी का फळ? खरं उत्तर फळ. त्याची साल आणि फळाची भिंत एकजीव झालेली असते, गव्हाचंही तेच. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवरचे ठिपके तर बियासुद्धा नव्हेत, तो एकेक ठिपका स्वतंत्र कोरडं फळ आहे आणि बी त्याच्या आत. हे सांगावं, पण जेवायच्या आधी सांगू नये; मुलं मग पोळीकडे बघत बसतात.

भाग बघून झाले की ‘आता ते रुजवून आणा’ हा दुसरा निरोप येतो. काचेच्या ग्लासला आतून टीपकागद लावायचा, मधे रद्दीचा बोळा कोंबायचा, आणि कागद व काच यांच्या मधे पाच-सहा दाणे, एकमेकांना न टेकवता. तळाला दोन बोटं पाणी. पाणी कागदातून चढतं, दाण्याला बुडवायचं नाही. कापूस वापरू नये, मुळं त्यात गुंततात आणि काढताना तुटतात. पावसाळ्यात साताऱ्यात भिंतींनाच बुरशी येते, तिथं दाण्याला येणारच. कुजका दाणा दिसला की लगेच काढायचा, तो शेजारच्यांना नेतो. दोन-चार दिवसांत मूलांकुर बाहेर येतो. आधी तोच, अंकुर नंतर. पाण्याची सोय लागल्याशिवाय वर यायचं नाही, हे त्याला कळतं. मग ग्लास आडवा करून ठेवावा. पाणी सांडू नये म्हणून तेवढ्यापुरतं ओतून द्या आणि कागद नुसता ओला ठेवा. दिवसभरात मूळ पुन्हा खालच्या दिशेला वळतं. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी 1880 मध्ये लिहून ठेवलं, की मुळाचं टोक खालच्या प्राण्यांच्या मेंदूसारखं काम करतं. टोक कापलं तर मुळाला खाली कुठं ते कळत नाही. करून बघायला मुलं उत्सुक असतात. एक दाणा त्यासाठी राखून ठेवावा.

घेवडा मान वाकडी करून दळांसकट वर येतो. हरभरा मात्र दळं खालीच ठेवतो आणि नुसता कोंब पाठवतो. म्हणून कुंडीत हरभरा पेरणारी मुलं ‘बीजपत्रं वर का आली नाहीत’ म्हणत रोज माती उकरतात, आणि उकरल्यामुळे रोपही येत नाही.

आणि सादरीकरणाची तारीख पुढं जातेच. कधी गॅदरिंग, कधी घटक चाचणी. तोवर घेवड्याची दळं सुरकुतून गळून पडलेली असतात, आणि बियांच्या भागांच्या प्रकल्पात बी सोडून सगळं असतं; ‘बीजपत्र दाखव’ म्हटलं की पोरगं आईकडे बघतं. त्यामुळे ग्लास एकच भरू नये. दर दोन दिवसांनी दोन नवे दाणे भिजवत राहावं, म्हणजे कुठल्याही तारखेला कोरडा, फुगलेला, मूळ फुटलेला, मान वाकवलेला असे सगळे एका ओळीत मांडता येतात. यासाठी दहा दाणे पुरत नाहीत, वाटीभर लागतात. ते आज्जीकडे मागायला बाबांना पाठवावं.