अथामे कुणाच्या आजीने दिला नव्हता

भाचीने मला एक मजकूर पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, "मावशी, हे खरं आहे का?" ती सध्या टॅरोची पानं, मेणबत्त्या आणि चंद्राच्या कलांमध्ये रमली आहे. वय एकवीस, त्यामुळे मी फार काही बोलत नाही. हा मजकूर मात्र माझ्याकडे याआधीही दोनतीनदा फिरत आला होता. त्याचा गाभा असा:

"विक्का हा युरोपचा दहा हजार वर्षांपूर्वीचा मातृपूजक धर्म. चर्चने त्याच्या नव्वद लाख चेटकिणींना जिवंत जाळलं. वाचलेल्या बायकांनी अथामे ही विधीची सुरी, झाडू, कढई, टॅरो आणि 'सावल्यांचं पुस्तक' आईकडून लेकीकडे गुपचूप जपलं. त्यांच्या पवित्र पाचकोनी चांदणीला चर्चने सैतानाचं चिन्ह ठरवलं. आणि मुळात हे सगळं भारतातल्या तंत्रमार्गातूनच तिकडे गेलं."

पाच वाक्यं, आणि एकही धड नाही. शेवटच्यात एक गंमत दडली आहे, पण ती मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊक नसावी. क्रमानेच जाऊ.

"दहा हजार वर्षांपूर्वीचा धर्म"

विक्काचं, म्हणजे चेटूक आणि देवीपूजा यांवर उभ्या असलेल्या आजच्या एका पाश्चात्त्य पंथाचं, वय काढायला उत्खनन लागत नाही, ग्रंथालय पुरतं. जेराल्ड गार्डनर हा इंग्रज १८८४ साली लिव्हरपूलजवळ जन्मला. तरुणपणापासून सिलोन, बोर्निओ, मलाया इथे चहा-रबराच्या मळ्यांत आणि पुढे जकात खात्यात त्याने नोकरी केली. हत्यारांचा भारी शौक. मलायातल्या 'क्रिस' या नागमोडी पात्याच्या खंजिरावर त्याने १९३६ साली पुस्तकही लिहिलं. निवृत्त होऊन इंग्लंडला परतल्यावर १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट भागातल्या चेटूक करणाऱ्यांच्या एका गुप्त मंडळाने आपल्याला दीक्षा दिली, असं त्याचं सांगणं. १७३५ चा चेटूकविषयक कायदा इंग्लंडमध्ये १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली गार्डनरचं या धर्माची ओळख करून देणारं पुस्तक आलं. आज ज्याला विक्का म्हणतात त्याची जाहीर सुरुवात ती.

प्राचीनतेची कल्पना गार्डनरने हवेतून काढली नव्हती. मार्गारेट मरे या इजिप्तविद्येच्या अभ्यासक बाईंनी १९२१ साली मांडलं होतं की, युरोपात ज्यांच्यावर खटले झाले ते लोक एक जुना, संघटित धर्म पाळत होते. गार्डनरच्या पुस्तकाला प्रस्तावनाही त्यांचीच. अडचण पुराव्यांची होती. मरेबाईंनी कबुलीजबाबांतून बैठकी आणि मेजवान्या तेवढ्या ठेवल्या आणि त्याच कबुलीजबाबांतलं हवेत उडणं, प्राण्याचं रूप घेणं गाळून टाकलं. मूळ कागदांशी ताडून पाहिल्यावर इतिहासकारांनी हा सिद्धान्त केव्हाच बाजूला सारला. रोनाल्ड हटन यांनी १९९९ मध्ये विक्काचा सविस्तर इतिहास लिहिला, तेव्हा तर गार्डनरच्या हाताशी काय काय सामग्री होती ते तुकड्यातुकड्याने समोर आलं. सणांचंही तसंच. शरद संपाताच्या सणाला 'मेबन' हे नाव एका अमेरिकन माणसाने १९७० च्या दशकात दिलं. माझ्या माहेरचा गोदरेजचा फ्रिज त्याहून जुना आहे.

"नव्वद लाख चेटकिणी"

हा आकडा मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण त्यामागे खरी मेलेली माणसं आहेत.

जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्ग गावच्या गॉटफ्रीड फोग्ट या गृहस्थाने १७८४ साली हिशेब मांडला. स्थानिक दप्तरात त्याला मूठभर खटल्यांच्या नोंदी मिळाल्या. ते प्रमाण त्याने सगळ्या युरोपच्या लोकसंख्येला लावलं, अकरा शतकांनी गुणलं आणि उत्तर काढलं ९४,४२,९९४. शेवटच्या चारापर्यंत नेमकं! जणू गावात एका वर्षी पाच घरं जळाली, म्हणून देशात शिवकाळापासून किती जळाली ते सांगायचं. पुढे १८९३ मध्ये अमेरिकेतल्या मटिल्डा जॉस्लिन गेज या स्त्रीहक्कांच्या कार्यकर्तीने नव्वद लाख हाच आकडा चर्चविरोधात वापरला, नंतर तो सगळीकडे पसरला.

खटल्यांच्या नोंदी प्रदेशवार तपासून आज इतिहासकार जो अंदाज देतात तो सुमारे १४५० ते १७५० या तीनशे वर्षांत ४० ते ६० हजार मृत्युदंडांचा. कमी आहे का? माझ्या मते ४० हजार हा भयंकर आकडा आहे आणि त्याला फुगवायची गरज वाटणं हाच त्या माणसांचा अपमान आहे.

सगळ्या जाळल्या गेल्या असंही नाही. इंग्लंडमध्ये या गुन्ह्याला फाशी होती. अमेरिकेतल्या सेलममध्ये १६९२ साली १९ जणांना फाशी झाली, त्यांतले पाच पुरुष. आणखी एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारलं. आइसलँडमध्ये तर मृत्युदंड झालेले जवळजवळ सगळे पुरुषच. आणि एकटं 'चर्च'? शिक्षा सुनावणारी बरीचशी न्यायालयं राजाची किंवा गावच्या सरदाराची होती. ज्या स्पॅनिश इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड्यांची चौकशी करणाऱ्या चर्चच्या न्यायसंस्थेच्या, नावाने आपण बोटं मोडतो, तिच्याच आलोन्सो दे सालाझार या अधिकाऱ्याने बास्क प्रांतात हजारावर कबुलीजबाब तपासून कळवलं की, चेटकाचा एकही धड पुरावा हाती लागत नाही. १६१४ मध्ये इन्क्विझिशनने नियम इतके कडक केले की, तिच्या हद्दीतले असले खटले जवळपास थंडावले.

आरोप कसले होते ते वाचलं की पोटात कालवतं. गाय आटली, लोणी येईना, गारा पडल्या, पोर आजारी पडलं. बोट दाखवणारा बहुधा शेजारीच. मेलेल्या बायका देवीची गुप्त पूजा करणाऱ्या नव्हत्या. त्या आपल्या शेजाऱ्यांसारख्याच ख्रिस्ती होत्या आणि आपण चेटकीण नाही हे जिवाच्या आकांताने सांगत होत्या. आज त्यांना "आमच्या धर्माच्या हुतात्मा" म्हणणं म्हणजे फिर्यादीचं म्हणणं खरं मानणं.

"आईकडून लेकीकडे"

भाचीला मी एक साधा प्रश्न विचारला: अथामेचा उच्चार काय? तिने तीन व्हिडिओ पाहिले आणि तीन वेगळे उच्चार घेऊन आली. अथामे, अथेमी, आणखी काहीतरी. मला यातच उत्तर दिसतं. वस्तू आजीच्या हातून येते तेव्हा तिचा उच्चारही आजीच्या तोंडून येतो. विळी, खल, पाटा-वरवंटा यांच्या उच्चारांवर कुणी वाद घालत नाही. जो शब्द लोकांनी आधी वाचला आणि मग उच्चारला, त्याचेच असे हाल होतात.

अथामे म्हणजे काळ्या मुठीची सुरी. तिने काही कापायचं नसतं. वर्तुळ आखायचं, शक्तीला दिशा द्यायची. शब्दाचा माग 'सॉलोमनची किल्ली' नावाच्या मंत्रविद्येच्या हस्तलिखितांपर्यंत जातो. त्याच्या मुळाशी 'आर्टावुस' हा लॅटिन शब्द असावा असं मानतात, आणि त्याचा अर्थ लेखणी तासायचा चाकू! ही हस्तलिखितं शिकलेल्या, लॅटिन जाणणाऱ्या पुरुषांची. त्यांत बायबलातली स्तोत्रं आहेत, देवाची हिब्रू नावं आहेत. खेड्यातली सुईण कुठेच नाही. १८८९ साली लंडनमध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती छापली गेली आणि काळ्या मुठीची सुरी व पांढऱ्या मुठीची सुरी दोन्ही कुणालाही वाचायला मिळाल्या. खंजिरांच्या शौकीन गार्डनरला ती सुरी आवडली नसती तरच नवल.

छडी, पेला, तलवार आणि चकती यांची पंचमहाभूतांशी घातलेली सांगड १८८८ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या 'गोल्डन डॉन' या गुप्त संघटनेकडून आली. (तिकडे भूतं चारच, आकाशाऐवजी आत्मा धरला की पाच होतात.) टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघाला तो पत्ते कुटायला. त्यात इजिप्तचं गूढ ज्ञान आहे, हा शोध एका फ्रेंच पाद्र्याने १७८१ साली लावला, तेव्हा इजिप्तची चित्रलिपी वाचता येणारा एकही माणूस जगात नव्हता.

शब्दांकडे पाहिलं तर मला सगळ्यात मजा फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाकडून केलेल्या उधारीची वाटते. विधीच्या शेवटी म्हणायचं "सो मोट इट बी", म्हणजे तथास्तु, हे मेसनांचं. तीन पायऱ्यांची दीक्षा मेसनांची. आपल्या विद्येला 'क्राफ्ट' म्हणणंही त्यांचंच. बाहेरच्या माणसाला 'कावन' म्हणतात. हा स्कॉटलंडच्या गवंड्यांचा शब्द, रीतसर उमेदवारी न करता चुन्याशिवाय दगड रचणाऱ्यासाठी. गार्डनर सिलोनमध्ये असताना मेसन झाला होता. 'कोवेन', म्हणजे मंडळ, हा शब्द जुना आहे, पण त्यात तेरा जण असतात हा नियम मरेबाईंनी मुख्यतः इझोबेल गाउडी या स्कॉटिश बाईच्या १६६२ च्या एका कबुलीजबाबावरून सगळ्या युरोपला लावला.

झाडूबद्दल फार लिहीत नाही. झाडूवर बसलेल्या बाईचं सर्वांत जुनं परिचित चित्र १४५१ च्या सुमाराच्या एका फ्रेंच हस्तलिखिताच्या समासात आहे. आजच्या विक्कात झाडूने विधीची जागा झाडतात, जी कल्पना आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आणि 'कढई' हे भाषांतरच चुकलंय: ते चुलीवर टांगायचं खोल भांडं, हंडा म्हणा.

राहिलं 'सावल्यांचं पुस्तक', म्हणजे विधी आणि मंत्र लिहून ठेवायची वही. गार्डनरची जी आधीची वही सापडली तिच्यावर हे नाव नाही. १९५३ साली डोरीन व्हॅलिएंटे ही तरुणी त्याच्या मंडळात आली. पुस्तक हातात पडल्यावर तिने बरेच उतारे ओळखले: ते अलिस्टर क्रोली या बदनाम गूढवाद्याच्या लेखनातले होते. तिने तोंडावर सांगितलं, तर गार्डनरचं उत्तर साधारण असं की, जमत असेल तर तू याहून चांगलं लिही. तिने लिहिलं. आज जगभर देवीच्या नावाने म्हटला जाणारा सर्वांत प्रसिद्ध गद्य उतारा बव्हंशी तिचा आहे, आणि तो खरोखर सुंदर आहे. तिने स्वतः हे कधी लपवलं नाही. "आईकडून लेकीकडे" म्हणणाऱ्यांनी निदान या बाईचं नाव तरी घ्यावं. हयात असेपर्यंत, म्हणजे १९९९ पर्यंत, ती खरं काय ते सांगत होती.

"पवित्र चांदणी"

चांदणीला चर्चने सैतानाचं ठरवलं हे उलटंच आहे. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या एका प्रसिद्ध काव्यात सर गवेन या सरदाराच्या ढालीवर पाचकोनी चांदणी आहे आणि तिचा एक अर्थ येशूच्या पाच जखमा असा दिला आहे. टोक खाली केलं की ती वाईट, हा भेद ठळक केला तो एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढवाद्याने १८५० च्या दशकात. थोडक्यात, हा घरचाच आहेर.

"सगळं आपल्याच तंत्रातून"

सगळं नाही, पण आता ती गंमत.

विक्काच्या काही मंडळांत विधी विवस्त्र करतात. त्याला म्हणतात 'स्कायक्लॅड', आकाश पांघरलेला. इंग्रजीत हा शब्द जैन साधूंसाठी वापरात होता. 'दिगंबर'चं ते शब्दशः भाषांतर. नरसोबाच्या वाडीला आयुष्यभर "दिगंबरा दिगंबरा" म्हणत आलेल्या माझ्या आईला हे सांगितलं, तर ती बराच वेळ काही बोललीच नाही.

दुसरी गोष्ट त्या पुस्तकाच्या नावाची. व्हॅलिएंटेने लिहून ठेवलंय की, १९४९ साली लंडनच्या एका गूढविद्येच्या नियतकालिकात मीर बशीर या हस्तरेषातज्ज्ञाचा लेख आला होता. विषय होता माणसाच्या सावलीची लांबी मोजून भविष्य सांगणाऱ्या एका जुन्या संस्कृत ग्रंथाचा आणि लेखाचं शीर्षक होतं 'सावल्यांचं पुस्तक'. समोरच्याच पानावर गार्डनरच्या कादंबरीची जाहिरात! नाव तिथूनच उचललं असा तिचा तर्क. गार्डनरने कबुली दिलेली नाही, पण मला तर्क पटतो.

तिसरा धागा दूरचा. इंग्लंडला परतल्यावर गार्डनर ज्या गूढवादी वर्तुळात वावरला त्यात मेबल बेझंट-स्कॉट होत्या, अ‍ॅनी बेझंट यांच्या कन्या. १९१६ साली एक होमरूल लीग टिळकांनी काढली आणि दुसरी ज्यांनी काढली, त्याच या बेझंटबाई, थिऑसफी या गूढवादी चळवळीच्या पुढारी.

म्हणजे आपल्याकडून गेलं ते एक भाषांतरित विशेषण, बहुधा एक शीर्षक, आणि थिऑसफीवाल्यांच्या सामानातून थोडं चक्र-कर्म. तंत्राची साधना, गुरुपरंपरा, मंत्र यांतलं काही त्या मार्गाने गेल्याचं मला दिसत नाही.

मजकुरातल्या एका शब्दावर मात्र मी अडले, आणि तो शब्द आपलाच आहे: चेटकीण. इंग्रजीत गार्डनरनंतर 'विच' ही स्वतःची ओळख म्हणून सांगता येऊ लागली. मराठीत चेटकीण कुणी स्वतःला म्हणवून घेत नाही. ते दुसऱ्याने म्हणायचं असतं, आणि सातपुड्याच्या पाड्यांत एखाद्या बाईला डाकीण म्हटलं की तिचं पुढे काय होऊ शकतं हे आपण बातम्यांत वाचतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, अमुक माणूस करणी करतो, मंत्रतंत्राने गुरांचं दूध आटवतो असं भासवून त्याचं जगणं मुश्किल करणं हा गुन्हा म्हणून लिहावा लागला आहे. गाय आटल्याचा तोच तो जुना आरोप.

हे सगळं मी भाचीला पाठवलं. तिने अथामेचा भाग आवडल्याचं कळवलं आणि टॅरोची पानं काही परत ठेवली नाहीत. तिच्या प्रोफाइलवर इंग्रजीत 'विच' असं लिहिलेलं असतं. ते मराठीत करायचं तिच्या मनात होतं, म्हणून तिने मला शब्द विचारला. चेटकीण लिहवेना, साधिका म्हटलं तर भलताच अर्थ होतो, जादूगारीण म्हटलं की सर्कस आठवते. दोन दिवस आम्ही शब्द शोधत होतो. शेवटी तिने 'विच' असंच ठेवलंय, फक्त देवनागरीत.