रोडगे आतून कच्चे का राहतात

वावरातल्या म्हणजे शेतातल्या सहलीवरचा तुमचा लेख छान, पण रोडग्यांबद्दल (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे कणकेचे जाड गोळे) त्यातलं 'गोवऱ्या पेटल्या की रोडगे टाका' हे वाचून पोट्टे उपाशी राहायचे! जाळावर वरचं कवच करपतं, आत पीठ तसंच राहतं. धूर संपून गोवऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत थांबा.

गव्हाचं जाडं पीठ 1 किलो, मोहन, मीठ, ओवा. 12 एक रोडगे होतात. पाणी बेताचंच, गोळा घट्ट हवा. प्रत्येकात तीन-चार छोट्या पुऱ्या मधे तेल लावून एकावर एक ठेवायच्या आणि बाहेरून पारी बंद करायची. तेल विसरलं की पदर सुटत नाहीत, नुसता गोटा होतो. आधी निखाऱ्यावर फिरवून सगळीकडून डाग पडू द्या, मग गरम राखेत अर्धा-पाऊण तास पुरा. फडक्यानं राख झटकून, फोडून तुपात. सोबत वांग्याची भाजी आणि वरण, दुसरं काही नको.

जागा मात्र धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, वाळल्या गवताजवळ नको. आंब्याजवळची झाडून घेतलेली मोकळी जमीन बरी, तीही फांद्यांपासून दूर. राखेखालचा निखारा दिसत नाही, लेकरं अनवाणी धावतात. निघताना पाणी ओतून काडीनं उकरून बघा.