खुलासा: जॉन्सटाउनचं फुटलेलं धरण सरकारी नव्हतं

परवा मी ग्रुपवर टाकलेला जॉन्सटाउन पुराचा मेसेज (अमेरिका, ३१ मे १८८९, २,२०९ माणसं गेली) आता बराच फिरतोय, आणि त्यात माझीच चूक आहे. "सरकारी धरण अतिवृष्टीने फुटलं, कुणाला कल्पनाच नव्हती" असं मी लिहिलं होतं, ते बरोबर नाही.

जॉन्सटाउनच्या वरच्या अंगाला असलेलं साउथ फोर्कचं हे मातीचं धरण पेन्सिल्व्हेनिया राज्याने कालव्यासाठी बांधलं हे खरं, पण फुटलं तेव्हा ते एका खाजगी फिशिंग-हंटिंग क्लबचं होतं, कार्नेगी, फ्रिक वगैरे पोलाद उद्योगातली श्रीमंत मंडळी मेंबर, तलाव फक्त मौजमजेला. पाऊस प्रचंड झाला हे खरंच, पण तळातून पाणी सोडायचे पाइप आधीच्या मालकाने काढून भंगारात विकले होते ते क्लबने परत बसवलेच नाहीत, वरून बग्ग्या जाव्यात म्हणून धरणाचा माथा खाली आणला, आणि मासे पळू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या त्यात कचरा अडकला. मग पाणी धरणावरूनच वाहायला लागलं, आणि मातीच्या धरणाला तेवढं पुरतं.

आणि कल्पना नव्हती कशी? खालच्या जॉन्सटाउनमधल्या लोखंड कंपनीने १८८० मध्येच आपला इंजिनिअर जॉन फुल्टन पाठवला होता. त्याने नेमकं पाइप नसल्याचं आणि दुरुस्ती कच्ची असल्याचं लिहून दिलं, क्लबने धोका नाही म्हणून उडवून लावलं. बाहेरून तपासणी सक्तीची करणारं कुणी नव्हतंच.

जुना मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर हा त्याच ग्रुपवर टाका.