लग्नाची कॅसेट आणि संगणकातले दोन पूल

आमच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट १९९७ पासून कपाटात डांबरगोळ्यांच्या सोबतीला पडून आहे. ती बाहेर काढायचं कारण एकच. माप ओलांडताना उखाणा घेताना सौ. अडखळली, असं मी म्हणतो. ती म्हणते, "मी नाही, तुम्हीच." हा खटला इतकी वर्षं प्रलंबित आहे आणि पुरावा त्या कॅसेटमध्ये आहे.

व्हीसीआर सिडकोतल्या मेहुण्याकडून आणला. पण आमच्या नव्या टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल भोकंच नाहीत. मुलगी म्हणाली, "बाबा, यूएसबीचं छोटंसं यंत्र मिळतं, मागवू का?" माळ्यावर पेंटियम फोरचा जुना संगणक आणि त्यावर क्रिकेट बघायला घेतलेलं टीव्ही कार्ड असताना यंत्र कशाला मागवायचं? एवढ्या साध्या कामाला! (हे वाक्य माझ्या तोंडून निघालं की सौ. स्वयंपाकघराचं दार लावून घेते.)

डबा उघडला. आत धूळ, आणि पालीचं एक रिकामं अंडं. संगणकाचा स्वतःचा आवाज केव्हाच मेला होता, म्हणून एम.जी. रोडवर एक जुनं साउंड कार्ड पैदा केलं. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, हे म्युझियममध्ये द्या." मी दुर्लक्ष केलं, कार्डांचे सोनेरी दात खोडरबरने घासले आणि दोन्ही पीसीआय स्लॉटमध्ये, म्हणजे कार्डांसाठीच्या खाचांत, दाबून बसवली.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं. त्या काळच्या मदरबोर्डावर, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवर, दोन मुख्य चिपा असत, नॉर्थब्रिज आणि साउथब्रिज. पूल म्हटला की नाशिककराला होळकर पूल आठवतो, नाहीतर गोदावरीच्या पुरात बुडणारा रामसेतू. हे पूलही तसेच. नॉर्थब्रिज प्रोसेसर आणि मेमरीला लागून, त्याला चिकटून ग्राफिक्सचा एजीपी स्लॉट. हा स्लॉट इंटेलने ४४०एलएक्स चिपसेटबरोबर १९९७ साली बाजारात आणला. म्हणजे त्याचा आणि आमचा संसार एकाच वर्षी सुरू झाला. माझ्या बोर्डावर त्याचा वेग सेकंदाला १०६६ मेगाबाइट. द्वारका चौकाच्या वरून उड्डाणपुलाने सुसाट निघावं तसा. बाकीची कार्डं मात्र साउथब्रिजखाली, पीसीआयच्या रस्त्यावर. सेकंदाला १३३ मेगाबाइट, आणि तेही सगळ्यांत मिळून. म्हणजे खाली द्वारका सर्कल: पुण्याची एसटी, रिक्षा, ट्रक, आणि मधे उभा राहून फोनवर बोलणारा एक जण.

तरी हिशेब जमत होता. चित्राला सेकंदाला सुमारे २१ मेगाबाइट लागतात, आवाजाला जेमतेम पावणेदोनशे किलोबाइट. आमच्या घरात प्रमाण नेमकं उलटं आहे, पण ते असो.

चालू केलं. चित्र दोन सेकंद हलायचं, एक सेकंद थांबायचं. आवाजात पापड मोडल्यासारखी कडकड. दीड दिवस ड्रायव्हर (कार्डं चालवणारी सॉफ्टवेअर) काढले, घातले, शिव्या घातल्या. शेवटी कळलं की एजीपीशेजारचा स्लॉट ग्राफिक्स कार्डाबरोबर एकच इंटरप्ट वाटून घेतो. इंटरप्ट म्हणजे प्रोसेसरच्या दारावरची बेल. बेल वाजली की दारात कोण आहे ते आधी शोधा, मग त्याचं ऐका. तोवर दुसरा ताटकळतो. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन कुलकर्णी आहेत, त्यामुळे ही भानगड मला पटकन समजायला हवी होती. साउंड कार्ड दोन स्लॉट खाली सरकवलं आणि कडकड गेली. इतक्या सोप्या गोष्टीला दीड दिवस लागला, हे मी घरात सांगितलेलं नाही.

चित्र पिवळ्या वायरीने टीव्ही कार्डात, आवाज पांढऱ्या-लाल वायरींनी साउंड कार्डाच्या निळ्या, म्हणजे लाइन-इनच्या, भोकात. दोघं वेगळ्या वाटांनी आत येणार आणि फाइलमध्ये भेटणार. रेकॉर्डिंग लावलं. तासाभराने फाइल उघडली. मांडव दिसला, मुंडावळ्यांतला बारीक मी दिसलो, उंबऱ्यावरचं माप दिसलं. नवरीने मान खाली घालून ओठ हलवले, आणि आवाज आला:

"अहो, दूध उतू गेलं! त्या डब्यात डोकं घालून बसलाय, गॅस कोण बंद करणार?"

पाठोपाठ कुकरची शिट्टी.

रेकॉर्डिंगच्या खिडकीत लाइन-इनऐवजी माइकवर टिक राहिली होती, आणि माइकच्या गुलाबी भोकात मुलीचा हेडफोन लटकत होता.

टिक बदलून पुन्हा अख्खी कॅसेट चालवली. सौ.ला बोलावलं, खुर्ची दिली. माप आलं, ओठ हलले, आणि सनई वाजली. व्हिडिओवाल्याने त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सुरुवातीपासून पाठवणीपर्यंत सगळ्यावर सनई चढवली होती. एक शब्द नाही.

"बघा, ओठ कुठे थांबले?" सौ. म्हणाली.

"थांबले की. चित्र अडकलं नव्हतं, ओठ अडकले."

"तुमच्या कार्डाचा काय भरवसा?"

मुलीला मात्र पहिलीच फाइल आवडली. तिने ती नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली आहे, आणि सिडकोतल्या मेहुण्याचा व्हीसीआर परत द्यायला जायची मला सध्या हिंमत होत नाही.