‘कोकणात बॅटरीची गाडी चालायची नाही’ म्हणे!

गणपतीच्या आधीपासून एक मेसेज आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. बागायतदारांच्या, भजनी मंडळाच्या, दहावीच्या बॅचच्या. मजकूर थोडक्यात असा: इलेक्ट्रिक एसयूव्ही हे शहरातलं खेळणं आहे. घाटात ती दम टाकते, पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, घातली की आत बसलेल्यांना करंट बसतो, खालून एखादा चिरा, म्हणजे जांभा दगड, लागला की बॅटरी गेली, पुळणीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, रुतली की निघत नाही, आणि वादळात लाईट गेली की महिनाभर दारात शोभेला उभी. म्हणून रांगडी गाडी घ्यायची तर डिझेलचीच. शेवटी नेहमीचं शेपूट, ‘कोकणी माणसाने विचार करावा’.

केला विचार. माझ्याकडे जुनी डिझेल फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी गाडी आहे आणि ती विकायचा बेत नाही, तेव्हा मला कुणी कंपनीचा माणूस समजू नये. पण या मेसेजमध्ये चुकीच्या गोष्टींची भीती घातली आहे आणि ज्यांची भीती वाटायला हवी त्यांचा पत्ताच नाही.

घाटापासून सुरुवात करू. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण 690 मीटरवर आहे. माणसं-सामान धरून 2300 किलोची गाडी थेट समुद्राच्या पातळीपासून तिथवर उचलायला किती वीज लागते, हे शाळेतल्या सूत्राने काढता येतं. वजन, गुरुत्व आणि उंची यांचा गुणाकार. उत्तर येतं 4.3 युनिट. लाईटबिलावर असतं तेच युनिट. मोटारीतली तूट धरून पाच-साडेपाच म्हणा. रस्ता कापायला लागेल ती वेगळी, पण ती सपाटीलाही लागतेच. टाटाच्या इलेक्ट्रिक एसयूव्हीच्या, हॅरियर ईव्हीच्या, मोठ्या बॅटरीत 75 युनिट मावतात. म्हणजे अख्खा घाट चढायला टाकीचा जेमतेम चौदावा हिस्सा, आणि उतरताना मोटारच गाडीला धरून वीज तयार करते, म्हणून त्यातला बराचसा परत. डिझेल गाडीने घाट उतरताना टाकीत डिझेल परत आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

जोराचं म्हणाल तर इंजिनाला जोर दाखवायला आधी फिरावं लागतं, मोटार उभ्या जागेवरून पूर्ण जोर देते. आषाढात शेवाळलेल्या चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवली की जो जळका वास येतो, तो आमच्या वाडीतल्या पोरांनाही ओळखू येतो. इथे क्लचच नाही.

मेसेज लिहिणाऱ्याला गाड्यांतलं खरोखर कळत असतं, तर त्याने दुसरंच काही विचारलं असतं. चाक दगडाला अडलं, गाडी हलत नाही आणि आपण पाय दाबून धरलाय, अशा वेळी मोटार फिरत नसल्यामुळे करंट तिच्या तीन फेजांमध्ये, म्हणजे तारांच्या तीन वेटोळ्यांमध्ये, आळीपाळीने फिरत नाही, एकाच फेजवर जास्तीत जास्त भार पडून राहतो. बॅटरीची वीज मोटारीला पुरवणारा इन्व्हर्टर तापतो आणि स्वतःला वाचवायला जोर कमी करतो. नेमकी जोराची गरज असते तेव्हाच. यावर उपाय जुनाच आहे, लो रेंज, म्हणजे वेग कमी करून चाकाचा जोर वाढवणारा जादा गिअर. मर्सिडीजने इलेक्ट्रिक जी 580 मध्ये चार चाकांना चार मोटारी दिल्या आणि प्रत्येकीला लो रेंजचा वेगळा गिअरही दिला. आपल्याकडच्या कंपन्या ‘मोटारीला गिअर कशाला’ म्हणून हा खर्च टाळतात.

दुसरं म्हणजे पुढे एक आणि मागे एक मोटार असलेल्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा शाफ्ट नसतो. पुढची दोन्ही चाकं चिखलात नुसती फिरायला लागली, तर पुढच्या मोटारीचा जोर मागे नेता येत नाही. मागची एकटी मोटार गाडी बाहेर काढण्याइतकी दणकट हवी. शोरूममध्ये विचारायचं ते हे. शून्यापासून शंभरचा वेग किती सेकंदांत गाठते, हे आमच्या पाणंदीत काय कामाचं?

उताराचीही एक गोम आहे. महाबळेश्वरला मुक्काम करून सकाळी शंभर टक्के चार्ज केलेली गाडी आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरवलीत, तर सुरुवातीला बॅटरीत वीज परत घ्यायला जागाच नसते. पाय उचलला की गाडी धरते, ही सवय लागलेल्याला ती एकदम सुटल्यासारखी वाटते. चांगल्या गाडीने अशा वेळी साधे ब्रेक आपणहून लावून तीच धरण कायम ठेवावी. तोवर, वरून निघताना नव्वद टक्क्यांवर पिन काढा.

आता करंट. बॅटरीच्या दोन्ही टोकांपैकी एकही टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं नसतं. इन्सुलेशन जरा कमी झालं तरी यंत्रणेला कळतं आणि बिघाड मोठा असेल तर बॅटरीतले कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे स्विच, उघडून वीज आतल्या आत बंद करता येते. बॅटरीवर आयपी 67 लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून तपासलेली. त्याउलट डिझेलच्या इंजिनाने हवेच्या वाटेने घोटभर पाणी ओढलं की पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकलाच. मोटारीला हवा ओढायचीच नसते. मर्सिडीजच्या त्याच जी-क्लासपैकी इंजिनवालीची पाण्यातली मर्यादा 700 मिलिमीटर आहे, इलेक्ट्रिकची 850. हॅरियर ईव्ही 600 सांगते, डिझेल-पेट्रोलची थार 650. म्हणजे फरक बॅटरी आणि डिझेलचा नाही, गाडी कशी बांधली त्याचा आहे.

पण इथे मी मेसेजवाल्याला अर्धे गुण देतो, त्याने न लिहिलेल्या कारणासाठी. हे आकडे पऱ्यातल्या गोड्या पाण्याचे. आपल्याकडे खाडी आहे. 2022 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला इयान वादळात समुद्राचं पाणी शिरलं, त्यानंतर बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांनी पाणी ओसरल्यावर पेट घेतला. खारं पाणी वीज वाहून नेतं आणि सुकल्यावर मागे राहिलेलं मीठ आत शॉर्टसर्किट घडवत राहतं. 22 जुलै 2021 ला चिपळुणात गाड्या कशा छपरापर्यंत बुडाल्या होत्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. वाशिष्ठीचा पूर आणि वर भरती. अशा पाण्यात बुडालेली इलेक्ट्रिक गाडी चालू करायची नाही, चार्जिंगला लावायची नाही आणि घराला चिकटून, मांगराखाली (शेतातल्या छपराखाली) वगैरे ठेवायची तर मुळीच नाही. डिझेलची बुडाली तर ती भंगारात जाईल, पण रात्री पेटण्याचा धोका एवढा नसतो.

रोजचं मीठ याहून चिवट. दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडला जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, जाणाऱ्याची चाकं जेटीच्या उतारावर खाऱ्या पाण्यातून जातात. खालच्या संरक्षक पत्र्यावर ओली वाळू साचून राहते. अॅल्युमिनियमच्या बॅटरीपेटीला लोखंडी बोल्ट आणि मध्ये खारट ओल, म्हणजे गंज लागायला आमंत्रणच. मला हवी असलेली गाडी अशी: खालच्या पत्र्याला हात घालून धुता येईल एवढी भोकं, तो चार बोल्टांत निघणारा आणि पाइप लावून गोड्या पाण्याने पोट धुवायची सोय. जाहिरातीत हे कधीच दिसणार नाही.

चिऱ्याचा मुद्दा लवकर उरकतो. बॅटरी खाली असते हे खरं, पण डिझेलचा ऑइल सम्प, म्हणजे इंजिनाखालची तेलाची पेटी, हीही खालीच असते, आणि जांभ्याच्या टोकाने ती फुटलेली मी सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, पाहिलीय. बॅटरीच्या खाली जाड पत्रा हवा, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये पोट टेकणार नाही एवढी उंची हवी. ती नसेल तर ती रांगडी गाडी नव्हे, रांगडा मुखवटा लावलेली आहे, मग आत काहीही असो.

पुळणीचं मात्र बरोबर आहे. जड गाडी वाळूत जास्त रुतते. मारुतीची छोटी फोर बाय फोर जिम्नी बाराशे किलोच्या आसपास, बॅटरीची मोठी एसयूव्ही तिच्या जवळजवळ दुप्पट. टायरची हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवून पुष्कळ फरक पडतो, म्हणून गाडीतच हवा भरायचा पंप हवा. पण मुळात तुम्ही पुळणीत गाडी घालताय कशाला? वेळास आणि आंजर्ल्याला कासवं त्याच वाळूत अंडी घालतात. रील काढायला गाडी घालायची आणि मग गावातला ट्रॅक्टर शोधत फिरायचं, या छंदासाठी गाडीची रचना बदला असं मी म्हणणार नाही.

वजनापेक्षा मला रुंदी नडते. जुनी जिप्सी 1540 मिलिमीटर रुंद होती, जिम्नी 1645 आहे, हॅरियर ईव्ही 1900 च्या पुढे. दोन गडग्यांमधल्या, म्हणजे दगडी कुंपणांमधल्या, आमच्या वाटा बैलगाडीच्या मापाने झाल्या. तिथे चार मोटारींची ताकद असून उपयोग काय, आरसे मिटूनही गाडी आत शिरली नाही तर?

आणि रुतलेली गाडी ओढायची कशी, हेही मेसेजमध्ये नाही. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांची चालकचाकं जमिनीवर ठेवून त्या लांबवर ओढायच्या नसतात, कारण ओढताना मोटार फिरून वीज तयार करते. कंपनी म्हणते सपाट ट्रक मागवा. आमच्या वाडीत सपाट ट्रक साकवाच्या, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या, अलीकडेच थांबतो. त्यातून बारा व्होल्टची छोटी बॅटरी झोपली असेल तर गाडी न्यूट्रलला जात नाही, आणि दाराच्या चपट्या कड्या बाहेरच येत नाहीत. मला हाताने ओढून मोटार चाकांपासून सोडवणारी दांडी हवी, पुढे-मागे दोन-दोन मजबूत हुक हवेत आणि आजोबांच्या कपाटाला असते तशी कडी हवी. शिवाय पूर्ण मापाचं पाचवं चाक. एका शोरूममध्ये स्टेपनी कुठे विचारलं तर विक्रेत्याने पंक्चरचं किट दाखवलं आणि लगेच आतल्या दिव्यांचे रंग बदलून दाखवायला लागला.

राहिली वादळातली लाईट. हा मुद्दा मला पूर्ण उलटा वाटतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या कित्येक वाड्या त्यानंतर आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. विहिरीत पाणी होतं, पंप बंद. आता काही गाड्यांतून सव्वातीन किलोवॉटच्या आसपास वीज बाहेर घेता येते. एक एचपीचा पंप पाऊण किलोवॉटचा. सुरू होताना तो काही पट करंट ओढतो, तरी चालून जातो. साठ युनिट भरलेली गाडी दारात असेल आणि घराला दिवसाला चार युनिट पुरवले, तर पंधरा दिवस निघतात. जनरेटरला डिझेल आणायला पंपावर रांग लावावी लागते, आणि त्या पंपालाही लाईट लागतेच. वीज बाहेर देणारा सॉकेट मात्र पावसात, बॉनेट न उघडता वापरता यायला हवा.

चार्जिंगची खरी अडचण लाईट नसण्याची नाही, अर्थिंगची आहे. कातळात अर्थिंग नीट लागत नाही. घरी पंधरा अँपिअरचा सॉकेट असतो, पंखे-फ्रिज बिनबोभाट चालतात, आणि गाडीचा चार्जर लाल दिवा लावून बसतो, कारण त्याला जमीन सापडत नाही. लोक म्हणतात चार्जर खराब. आमच्या वायरमनचा उपाय असा: विहिरीजवळ, ओल टिकते तिथे माती लागेपर्यंत खड्डा, त्यात तांब्याची पट्टी, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, आणि एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून दोनदा त्यात दोन बादल्या पाणी.