‘ड्रमवर यूएन आहे, म्हणजे काहीही भरा’: फिरत्या मेसेजला उत्तर

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या कारखानदारांच्या आणि ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ग्रुपांवर ‘केमिकल ड्रम: घाबरू नका, एवढंच लक्षात ठेवा’ अशा मथळ्याचा एक मेसेज फिरतोय. त्यातले मुद्दे असे: ड्रमवर यूएन (संयुक्त राष्ट्रांच्या पॅकेजिंग नियमांची खूण) उठवलेलं असलं की त्यात कोणतंही केमिकल चालतं, हा शिक्का कायमचा असतो, लेबलं फक्त एक्स्पोर्टच्या मालाला लागतात, रिकामा ड्रम म्हणजे साधं भंगार, प्रत्येक ड्रमवर उभे बाण नसतील तर माल पोर्टवर अडतो, आणि कागदांची जबाबदारी ट्रान्सपोर्टरची. सहाही मुद्दे चुकीचे आहेत. काही निव्वळ चुकीचे, दोन मात्र एखाद्याच्या जिवावर बेतू शकतील असे.

पहिल्यापासून सुरू करू, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच निघतो.

ड्रमच्या अंगावर, बहुधा खालच्या बाजूला, एक लांबलचक ओळ उठवलेली असते. उदाहरणार्थ, यूएन खुणेनंतर १एच१/वाय१.९/१५० आणि पुढे वर्ष, देश, उत्पादकाचा कोड. ही ओळ म्हणजे त्या ड्रमच्या डिझाइनने कोणती परीक्षा किती मार्कांनी पास केली याचा दाखला. १ म्हणजे ड्रम, एच म्हणजे प्लॅस्टिक (पोलादी असेल तर ए), आणि शेवटचा १ म्हणजे नॅरो माउथ, झाकण न निघणारा. त्याजागी २ असेल तर तो ओपन टॉप.

पुढचं अक्षर, इथे वाय, सगळ्यात महत्त्वाचं. धोकादायक मालाचे तीन पॅकिंग ग्रुप असतात. पहिला सर्वात घातक. एक्सचा ड्रम तिन्ही ग्रुपना चालतो, वायचा दुसऱ्या-तिसऱ्याला, झेडचा फक्त तिसऱ्याला. भरलेला ड्रम उंचावरून टाकून बघतात, ती उंचीही यावरच ठरते: पाण्याच्या आसपास घनता असलेल्या मालासाठी अनुक्रमे १.८, १.२ आणि ०.८ मीटर. ओलियम (धूर सोडणारं अतितीव्र सल्फ्युरिक ॲसिड) पहिल्या ग्रुपात येतं. ते वायच्या ड्रममध्ये भरलं तर ड्रमवर यूएन असून नसल्यासारखंच.

अक्षरानंतरचा आकडा, इथे १.९, म्हणजे जास्तीत जास्त किती घनतेचा द्रव त्यात चालतो ते. ९८ टक्क्यांच्या सल्फ्युरिक ॲसिडची घनता १.८४ च्या आसपास. २०० लिटरला ३६८ किलो होतात. वाय१.२ लिहिलेल्या ड्रमची परीक्षा २४० किलोच्या हिशेबाने झालेली असते. आपल्याकडे हे ॲसिड लागणाऱ्या प्लेटिंगवाल्यांची कमी नाही, आणि ‘मागच्या लॉटचे ड्रम शिल्लक आहेत, त्यातच भरा’ ही सूचना कुठल्याही शेडमध्ये ऐकू येईल. मग कसारा घाटात गाडीने दोन-चार गचके खाल्ले की तळाची कड घाम सोडायला लागते. उदाहरणातला शेवटचा १५० म्हणजे किती किलोपास्कल पाण्याचा दाब देऊन तो तपासला ते.

आता एक गंमत, जी खरं तर गंमत नाही. निळा, रुंद तोंडाचा, वरून पत्र्याच्या रिंगने आवळलेला ड्रम सगळ्यांच्या ओळखीचा. त्यावर बऱ्याचदा १एच२/वाय२३०/एस असं काहीतरी असतं. हा एस म्हणजे घन पदार्थ, किंवा आत बंद बाटल्या-डब्यांतून ठेवलेला माल. २३० हे ड्रमसकट एकूण वजन. त्यात थेट द्रव ओतायला त्या ड्रमला परवानगीच नाही, कारण द्रवाची गळती आणि दाबाची परीक्षा त्याने दिलेली नाही. तरीही त्यात सर्रास द्रव भरला जातो, आणि कारण दर वेळी एकच: तोंड मोठं आहे, भरायला सोपं पडतं.

याशिवाय माल आणि ड्रम यांचं जमतं का, हे ती ओळ सांगत नाही. टोल्युइनसारखं सॉल्व्हंट साध्या एचडीपीईच्या (ड्रमच्या नेहमीच्या प्लॅस्टिकच्या) भिंतीतून हळूहळू झिरपतं आणि कालांतराने ड्रमच्या भिंती आत ओढल्या जातात. शिवाय परीक्षा झाली ती ठरावीक बुच आणि ठरावीक वायसर लावून. वायसर हरवला म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून लावला, तर कोड खोटा पडला. आणि गळ्यापर्यंत भरायचा नसतो. ५५ अंश सेल्सिअसला द्रव फुगला तरी ड्रम पूर्ण भरता कामा नये, इतकी मोकळी जागा ठेवावी लागते. मे महिन्यात न्हावाशेवाच्या यार्डात उभा असलेला बंद कंटेनर आठवा, म्हणजे हा आकडा कुठून आला ते कळेल.

दुसरा मुद्दा, कायमच्या शिक्क्याचा. प्लॅस्टिकच्या ड्रमवर घड्याळासारखा छोटा गोल असतो: कडेने बारा महिने, मध्ये वर्ष, आणि एक बाण. बाण दाखवतो त्या, म्हणजे ड्रम बनल्याच्या महिन्यापासून पाच वर्षं मोजायची. त्यानंतर तो ड्रम धोकादायक मालाच्या वाहतुकीला वापरता येत नाही, दिसायला कितीही चकाचक असो. ५५ टक्क्यांवरच्या नायट्रिक ॲसिडसाठी तर दोनच वर्षं. पोलादी ड्रमला अशी सरसकट मुदत नाही, पण घासूनपुसून, रंग मारून तो नवा होत नाही. रीतसर रीकंडिशन (स्वच्छ, दुरुस्त करून पुन्हा वापरायोग्य) केलेल्या ड्रमवर ते करणाऱ्याचा कोड, ते वर्ष आणि आर अक्षर असतं. गळतीची परीक्षा पास असेल तर एलसुद्धा. नुसता निळा रंग मारलेला, आर नसलेला ड्रम ‘रीकंडिशन्ड’ म्हणून कुणी विकत असेल तर तो फक्त रंग विकतोय.

‘लेबल फक्त एक्स्पोर्टला’ हे कुणी आणि कुठून काढलं कोण जाणे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२९ वा नियम सांगतो की धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर वर्गाचं लेबल हवं, आणि आतल्या प्रत्येक पॅकेजवरही हवं. माल दोन प्रकारे धोकादायक असेल तर दोन्ही लेबलं. अंबडहून सिन्नरला जाणारा छोटा टेम्पोसुद्धा यातून सुटत नाही. समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाला आयएमडीजी कोड (धोकादायक मालाच्या सागरी वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम) लागतो, तो याच्या वर.

इथे एक चूक चांगल्या चांगल्या कारखान्यांत दिसते. पांढऱ्या जमिनीवर धोक्याचं चित्र असलेला लाल कडेचा चौकोन चिकटवला की काम झालं, अशी समजूत. ते चित्र माल हाताळणाऱ्यासाठी असतं. वाहतुकीचं लेबल वेगळं: १०० मिलिमीटर बाजूचा, कोपऱ्यावर उभा चौकोन, ज्वलनशील द्रवाला पूर्ण लाल आणि खाली ३, ॲसिडला वर पांढरं, खाली काळं आणि ८. सोबत यूएन नंबर आणि मालाचं वाहतुकीतलं अधिकृत नाव. कंपनीचं ब्रँडनेम तिथे चालत नाही. समुद्रमार्गे जायचं असेल तर हे सगळं तीन महिने समुद्राच्या पाण्यात राहूनही वाचता यायला हवं. साध्या कागदावर प्रिंट काढून वर सेलोटेप मारलेलं लेबल इगतपुरीचा पाऊससुद्धा ओलांडत नाही.

आता रिकाम्या ड्रमचा मुद्दा. खरं तर हे सगळं लिहायला बसलो ते यासाठी.

नियम सोपा आहे. धोकादायक माल असलेला ड्रम धुऊन, निर्धोक करून होईपर्यंत भरलेलाच समजायचा. लेबलं तशीच ठेवायची. धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतही रसायनांनी बरबटलेले रिकामे ड्रम थेट अनुसूचीत आहेत, वर्ग ३३.१. म्हणजे लिंक रोडवरच्या भंगारवाल्याला वजनावर विकून मोकळं होता येत नाही. ते प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्याकडेच, नोंदीसह जायला हवेत.

कारण कागदी नाही. टोल्युइनची वाफ हवेत एक-सव्वा टक्का झाली की ठिणगीला पेट घेते. २०० लिटरच्या ड्रमात तेवढी वाफ व्हायला दहा मिलिलिटर द्रव, म्हणजे तळाशी राहिलेले दोन छोटे चमचे पुरतात. भरलेल्या ड्रमपेक्षा ‘रिकामा’ ड्रम गॅस कटरने कापणं जास्त धोक्याचं ठरतं ते यामुळे.

दुसरं संकट गुपचूप येतं. उन्हाळ्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर टँकरचं पाणी साठवायला निळे ड्रम लागतात. निफाड-दिंडोरीत द्राक्षाच्या फवारणीचं औषध कालवायलाही लागतात. स्वस्त मिळतो म्हणून घेतला जातो तो बऱ्याचदा कारखान्यातून निघालेलाच, लेबल ओरबाडून काढलेला. निळ्या रंगावरून ड्रमात आधी काय होतं ते कळत नाही. एचडीपीईने शोषलेलं रसायन दोनदा साबणाने धुतल्याने निघत नाही, आणि पिणाऱ्याला विचारायची सोयही नसते, कारण ज्यावर नाव होतं ते लेबल गेलेलं असतं. ‘साधं भंगार’ लिहिणाऱ्याने एकदा त्या पाड्यावर जाऊन ड्रममधलं पाणी प्यावं.

बाणांचं ऐकून हसू आलं. एकदा तरी मेसेजने नियम वाढवून सांगितला! उभे बाण लागतात ते खोक्यात द्रवाच्या बाटल्या असतील तेव्हा, किंवा ड्रमला व्हेंट (वायू बाहेर सोडणारं छिद्र) असेल तेव्हा. साध्या बंद ड्रमला लागत नाहीत. लावल्याने बिघडत नाही, पण त्यासाठी स्टिकरचे पैसे घालवू नका.

राहिली ट्रान्सपोर्टरची जबाबदारी. त्याच मोटार वाहन नियमांतला १३१ वा नियम माल पाठवणाऱ्याला बांधतो: मालाची खरी, पुरेशी माहिती त्यानेच द्यायची. त्यानंतर ती ड्रायव्हरपर्यंत पोचवणं ट्रान्सपोर्टरचं, आणि ट्रेमकार्ड (अपघात झाल्यास काय करायचं ते सांगणारं कार्ड) केबिनमध्ये ठेवणं ड्रायव्हरचं. साखळीची पहिली कडी कारखान्यातच आहे. माहिती कुठे मिळेल, तर मालाच्या सेफ्टी डेटा शीटमध्ये (पुरवठादाराने द्यायच्या धोक्यांच्या माहितीपत्रकात), १४ व्या भागात: यूएन नंबर, अधिकृत नाव, वर्ग, पॅकिंग ग्रुप. तो पॅकिंग ग्रुप आणि ड्रमवरचं एक्स-वाय-झेड शेजारी ठेवून बघायला अर्धा मिनिट लागतो. सॉल्व्हंटच्या शीटवर १४ व्या भागात ‘लागू नाही’ असं लिहून आलं असेल, तर ती शीट पुरवठादाराला परत पाठवा आणि खुलासा येईपर्यंत गाडी भरू नका.